एकशे छप्पन्नावी दुप्पट

दाढीचा केस दिवसाला साधारण ०.४ मिलिमीटर वाढतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की उत्तर येतं, सेकंदाला ४.६ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डीएनएच्या दुपेडी गोफाची रुंदी २ नॅनोमीटर असते. इथवर वाचायला तुम्हाला पंधरा सेकंद लागले असतील, तर तेवढ्यात दाढीचा प्रत्येक केस डीएनएचे चौतीस गोफ शेजारी शेजारी ठेवल्यावर होईल तेवढा वर आला.

एका चेहऱ्यावर असे केस दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत असतात. पंधरा हजार धरू. सगळ्यांची वाढ एकापुढे एक मांडली तर रोजची ६ मीटर, वर्षाची २,१९० मीटर. साठ वर्षं नियमाने दाढी करणारा माणूस १३० किलोमीटर केस कापतो. पुण्याहून निघालं तर सातारा मागे टाकून पुढे जाईल एवढं हे अंतर. आणि ते सगळं तो कापतो पोलादाच्या अशा कडेने, जिची रुंदी नॅनोमीटरमध्येच सांगावी लागते.

दाढीचं पातं आणि रेणू शोधण्याचं तंत्र यांचा एकत्र विचार सहसा कुणी करत नाही. एक न्हाणीघरातलं, दुसरं प्रयोगशाळेतलं. पण दोन्ही एकाच पट्टीवर मोजावी लागतात आणि दोन्हींची जन्मकथा पेटंटच्या कागदांत तपशीलवार लिहून ठेवलेली आहे. पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. शोध कसा लागला, तो कसा वापरायचा हे सगळ्या जगाला वाचता येईल असं लिहून द्यायचं आणि बदल्यात ठरावीक वर्षांची मक्तेदारी घ्यायची. या कागदांत डोळे पांढरे करणारे आकडे अगदी कोरड्या कायद्याच्या भाषेत पडून आहेत. ते वाचायला मला फार आवडतं.

पात्यापासून सुरुवात करू. किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची पत्र्याची बुचं विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. त्या बुचाचा शोध लावणारे विल्यम पेंटर हेच त्याचे मालक. लोक वापरून टाकून देतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील असं काहीतरी शोध, हा सल्ला त्यांनी जिलेटला दिला. १८९५ मध्ये त्याला पात्याची कल्पना सुचली. तोवर वस्तरा म्हणजे जाड पाठीचं, पिढ्यान् पिढ्या चालणारं हत्यार होतं. त्याला दर वेळी चामड्याच्या पट्ट्यावर घासून धार काढावी लागे. जिलेटच्या मनात होतं कागदासारखं पातळ पातं, धार गेली की फेकून देता येईल असं. पोलादाचे जाणकार म्हणाले, इतका पातळ पत्रा कडक करायला गेलात तर तो वाकडातिकडा होईल, त्याला धार लागणारच नाही. सहा वर्षं अशीच गेली. मग एमआयटीत शिकलेले विल्यम निकरसन हे अभियंते त्याला मिळाले आणि त्यांनी पोलादाची पातळ पट्टी कडक करण्याची आणि तिला धार लावण्याची यंत्रं तयार केली. पात्याची जाडी ठरली इंचाचा सहा हजारांश भाग, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर.

विक्रीचं पहिलं वर्ष १९०३. वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांच्या वर गेला. त्याच १९०४ मध्ये, १५ नोव्हेंबरला, जिलेटला अमेरिकेचं पेटंट क्रमांक ७,७५,१३४ मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी जी मागणी नोंदवली ती ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पात्यांची. ५१ पासून ३५ लाखांपर्यंतचं हे अंतर पंधरा वर्षांत तोडलं गेलं.

पण मला खरा अचंबा वाटतो तो पात्याच्या टोकाचा. आजच्या साध्या दुधारी पात्याची जाडी ०.१ मिलिमीटर, साधारण डोक्याच्या एका केसाएवढी. तिथून निमुळतं होत ते कडेपर्यंत जातं. एकविसाव्या शतकातल्या जिलेटच्या एका पेटंटात या निमुळत्या भागाचं माप दिलंय. टोकापासून ४ मायक्रोमीटर मागे जाडी १.३ ते १.६ मायक्रोमीटर आणि अगदी टोकाची त्रिज्या १२५ ते ३०० अँगस्ट्रॉम. अँगस्ट्रॉम हे अणूंच्या जगाचं एकक, नॅनोमीटरचा दहावा भाग. म्हणजे धारेची रुंदी २५ ते ६० नॅनोमीटर. लोखंडाचे अणू एकमेकांपासून साधारण पाव नॅनोमीटरवर बसलेले असतात. तेव्हा गालावरून फिरणारी ती कड रुंदीला शे-दोनशे अणूंची असते. शेकडो कोटींनी बनणारी, काही रुपयांना मिळणारी वस्तू आणि तिची कड अणू मोजून सांगता येते!

एवढ्या बारीक कडेने होतं काय, तेही मोजून पाहण्यासारखं आहे. धारेची रुंदी ५० नॅनोमीटर आणि केसाची १०० मायक्रोमीटर धरली, तर पहिल्या स्पर्शाचं क्षेत्रफळ एका चौरस मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतकं येतं. त्यावर फक्त एक ग्रॅम वजनाचा जोर द्या. दाब होतो वातावरणाच्या एकोणीस हजार पटींहून जास्त. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल समुद्रात, मरियाना गर्तेच्या तळाशी, पाण्याचा दाब वातावरणाच्या अकराशे पटींच्या आत आहे. अर्थात धार केसात रुतली की स्पर्श रुंदावतो आणि दाब झपाट्याने उतरतो. पण त्या पहिल्या क्षणी केसावर समुद्रतळापेक्षा सतरा-अठरा पट दाब असतो आणि आपल्याला गालावर थोडी गुदगुली जाणवते, एवढंच.

मग असं पातं बोथट का होतं? केस पोलादापेक्षा जवळपास ५० पट मऊ. मऊ वस्तूने कठीण वस्तू झिजावी हे पटत नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एमआयटीतल्या जियानलुका रोशोली, मोहदेसेह ताहेरी-मुसावी आणि जेम तासान यांचा शोधनिबंध आला. रोशोली स्वतःची दाढी करायचा आणि दर वेळी पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. धार घासून गोल होत जाईल ही सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात कडेचे बारीक कपचे उडालेले दिसले, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढे. केस पात्याशी काटकोनात उभा असेल तर काही बिघडत नाही. तो कलला, वाकला, आणि पोलादाची आतली घडण नेमकी त्या जागी असमान निघाली, की केसाच्या काठाशी पोलादाचा तुकडा सुटतो. या संशोधकांनी अधिक एकजीव घडणीचं पोलाद बनवण्याच्या पद्धतीसाठी तात्पुरतं पेटंट दाखल केलं. जिलेटच्या पेटंटनंतर एकशे सोळा वर्षं जाऊनही या कडेबद्दल नवीन काही लिहून द्यायला उरलं होतं.

पैशांचे आकडेही अफाट आहेत, पण त्यांच्यावर फार रेंगाळायला नको. तीन पात्यांचा मॅक थ्री १९९८ मध्ये बाजारात आला. तो घडवायला ७५ कोटी डॉलर लागले आणि त्याच्यामागे ३५ पेटंट होती. २००५ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने जिलेट कंपनी घेतली ती सुमारे ५,७०० कोटी डॉलरना. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो उलट दिशेचा आकडा. भारतात बहुतेक पुरुष वाहत्या नळाखाली नाही तर तांब्या-वाटीतल्या पाण्यात दाढी करतात आणि तिथे अनेक पात्यांचा रेझर केसांनी तुंबतो, हे कंपनीच्या लोकांना इथल्या घरांत बसून पाहिल्यावर कळलं. २०१० मध्ये त्यांनी एका पात्याचा गार्ड आणला. मॅक थ्रीमधल्या २५ भागांऐवजी त्यात ४ भाग होते आणि रेझर १५ रुपयांना मिळायचा. सुपरमॅक्सची पाती तर आपल्या ठाण्यात, विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यात बनून जगभर जात होती. स्वस्त पातं घडवणं ही कमी प्रतीची कारागिरी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी वरचे अणूंचे आकडे पुन्हा वाचावेत.

आता कार्यालयातली फाइल बदलू. जिलेटच्या ७,७५,१३४ नंतर अमेरिकेचं पेटंट क्रमांक ४६,८३,२०२ निघालं २८ जुलै १९८७ रोजी. मधले दिवस ३०,२०५, मधली पेटंटं ३९ लाख ८ हजार ६८. युद्धं, मंदी, सणवार सगळं धरून सरासरी दिवसाला १२९. त्या पुढचा टप्पा, क्रमांक एक कोटी, १९ जून २०१८ ला आला आणि या दुसऱ्या काळातली सरासरी दिवसाला ४७१ आहे. हे तिन्ही दिवस मंगळवार आहेत. अमेरिकेचं पेटंट कार्यालय पेटंट मंगळवारीच देतं.

४६,८३,२०२ हे पेटंट आहे कॅरी मलिसच्या नावावर, पॉलिमरेज चेन रिअ‍ॅक्शनचं. करोनाने घराघरात पोचवलेल्या आरटी-पीसीआरमधला पीसीआर तो हाच. कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत काम करणाऱ्या मलिसला १९८३ मध्ये रात्री डोंगराळ रस्त्याने गाडी चालवताना ही कल्पना सुचली. डीएनए तापवला, ९४-९५ अंशांपर्यंत, की त्याचे दोन पेड सुटे होतात. थंड केला की आपण घातलेले छोटे तुकडे, प्रायमर, आपल्या जोडीची जागा शोधून चिकटतात. मग एक विकर प्रायमरपासून पुढे नवा पेड विणत जातं. एका फेरीत एकाचे दोन. पुन्हा तापवा, दोनाचे चार.

बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, तरीही ही दुप्पट अंगावर येते. ३० फेऱ्यांनंतर एका रेणूचे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ होतात. ४० फेऱ्यांनंतर १,०९,९५१ कोटी १६ लाख २७ हजार ७७६. शंभर अक्षरी डीएनएच्या एका तुकड्याचं वजन ग्रॅममध्ये लिहायचं तर दशांश चिन्हानंतर अठरा शून्यं देऊन मग १ लिहावा लागतो. ३० दुपटींनंतरही सगळे तुकडे मिळून फक्त ०.१ नॅनोग्रॅम भरतात. ६० व्या दुपटीला ०.१२ ग्रॅम. ७० व्या दुपटीला सव्वाशे ग्रॅमच्या थोडं वर. १०० व्या दुपटीला १ लाख ३७ हजार टन. आणि १५६ व्या दुपटीला नळीतल्या डीएनएचं वजन पृथ्वीच्या वजनापेक्षा जास्त होईल. एका फेरीला दोन मिनिटं धरली तर सव्वापाच तासांत.

प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण साहित्य संपतं. २५ मायक्रोलिटरच्या नळीत नेहमीच्या प्रमाणात प्रायमर घातला तर त्याचे साधारण ६ लाख कोटी रेणू असतात. एका रेणूपासून सुरुवात केली तर त्रेचाळिसाव्या दुपटीला पुरतील इतके प्रायमर उरतच नाहीत. खरं तर वेग त्याच्या बराच आधी मंदावतो. म्हणून तपासणी ३५-४० फेऱ्यांच्या आत आटोपतात.

या गणितातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट पुढे आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३१० कोटी अक्षरं. त्यातली नेमकी शंभर अक्षरं शोधायची. ते काम प्रायमर करतो आणि त्याची लांबी साधारण वीस अक्षरं ठेवतात. वीसच का? डीएनएची लिपी चार अक्षरांची. वीस अक्षरांचे शब्द किती होऊ शकतात? ४ चा विसावा घात, १,०९,९५१ कोटी १६ लाख २७ हजार ७७६. वर ४० फेऱ्यांनंतर आलेला आकडा पुन्हा पाहा. तोच आहे, शेवटच्या ६ पर्यंत, कारण ४ चा विसावा घात आणि २ चा चाळिसावा घात एकच. ३१० कोटी अक्षरांच्या ग्रंथात असा वीस अक्षरी शब्द निव्वळ योगायोगाने भेटण्याची शक्यता, दोन्ही पेड धरूनही, शेकड्याला एकाहून कमी. वीस अक्षरांत पत्ता पुरेसा नेमका होतो आणि चाळीस फेऱ्यांत त्या पत्त्यावर राहणारा एकटा रेणू दिसण्याइतका वाढतो. शोधणं आणि वाढवणं या दोन्ही कामांना पुरणारा आकडा एकच निघावा, हे मलिसच्या पेटंटचं खरं सौंदर्य आहे.

हा शोध एकट्याचा नव्हता. पेड सुटे करताना द्यावी लागणारी उष्णता साधं विकर मारून टाकते, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक फेरीत नवं विकर घालावं लागे. उत्तर मिळालं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांतून. तिथे १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू सापडला होता. त्याचं विकर, टॅक पॉलिमरेज, ९५ अंशांतही तगतं. ब्रॉकनी काही पेटंट घेतलं नाही, जिवाणूचा नमुना सार्वजनिक संग्रहात देऊन टाकला. आणि दोन प्रायमर वापरून डीएनएच्या प्रती वाढवता येतील हा विचार १९७१ मध्येच शेल क्लेपे आणि आपले हरगोविंद खुराना यांच्या शोधनिबंधात छापलेला होता. तेव्हा जनुकांची अक्षरं वाचता येत नव्हती, प्रायमर बनवणं कष्टाचं होतं, कल्पना तशीच राहिली. ड्यूपॉन्ट कंपनीने याच निबंधाच्या आधाराने मलिसच्या पेटंटला न्यायालयात आव्हान दिलं. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्यूरीने निकाल सीटसच्या बाजूने दिला. त्याच वर्षी सीटसने पीसीआरचे हक्क हॉफमन-ला रोश या कंपनीला ३० कोटी डॉलरना विकले. मलिसला कंपनीकडून मिळालेलं बक्षीस १० हजार डॉलरचं होतं, तीस हजारात एक वाटा. १९९३ चं नोबेल मात्र मिळालं. न्यायालयाचा निकाल काही असो, खुरानांचं नाव या गोष्टीत यायलाच हवं असं मला वाटतं.

याच्या अगदी उलट वागणूक न्यूयॉर्कच्या रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची. १९५९-६० मध्ये त्यांनी किरणोत्सारी खुणेच्या मदतीने रक्तातलं इन्शुलिन मोजून दाखवलं. उपाशीपोटी रक्तात इन्शुलिन असतं मिलिलिटरला ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्याही एक तृतीयांश. त्याच मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन हे प्रथिन ४० मिलिग्रॅम, म्हणजे इन्शुलिनच्या सुमारे बारा कोटी पट. त्या गर्दीतून इन्शुलिन वेगळं मोजायचं. पेटंट घेतलं असतं तर अमाप पैसा मिळाला असता. दोघांनी घेतलं नाही. १९७७ मध्ये यालोंना नोबेल मिळालं तेव्हा बर्सन हयात नव्हते.

दुप्पट करत जाण्याचं हे गणित महाराष्ट्राने २०२०-२१ मध्ये रोजच्या बोलण्यात वापरलं. अहवालावरची सीटी व्हॅल्यू फोनवरून एकमेकांना सांगितली जात होती. सीटी म्हणजे कितव्या फेरीला विषाणू यंत्राला दिसला तो आकडा. एकाचा सीटी २० आणि दुसऱ्याचा ३० असेल तर फरक दहाचा वाटतो, पण तो दहा दुपटींचा आहे. पहिल्याच्या नमुन्यात विषाणूचं जनुकद्रव्य १,०२४ पट असतं. एप्रिल २०२१ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने आयसीएमआरला लेखी विचारलं होतं की बाधित ठरवण्याची मर्यादा ३५ वरून २४ वर आणावी का. उत्तर नकारार्थी आलं, आणि ते बरोबर होतं. अकरा फेऱ्या म्हणजे २,०४८ पट. मर्यादा खाली आणली असती तर २४ च्या तुलनेत दोन हजारावा हिस्सा विषाणू असलेला, पण उद्या-परवा आजार वाढू शकणारा माणूस निरोगी म्हणून घरी गेला असता.

तरी माझ्या मते या तंत्राचं सर्वांत मोठं काम करोनात नाही, क्षयरोगात आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जिवाणू १८८२ मध्ये दाखवला आणि तेव्हापासून सव्वाशे वर्षं निदानाचा मुख्य मार्ग राहिला थुंकीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. त्यात जिवाणू दिसायला मिलिलिटरमागे पाच-दहा हजार तरी असावे लागतात. नमुना वाढवून पाहायचा तर क्षयाचा जिवाणू फार सावकाश वाढतो, दुप्पट व्हायला जवळपास २० तास घेतो. तीस दुपटी म्हणजे ६०० तास, पंचवीस दिवस. त्याच्या डीएनएची तीस वेळा दुप्पट पीसीआर तासाभरात करतो. गणित तेच, वेळ सहाशेवा हिस्सा.

२०१० मध्ये आलेली जीनएक्सपर्ट ही तपासणी, जिला आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत सीबीनॅट म्हणतात, मिलिलिटरमागे १३१ जिवाणू असले तरी क्षय पकडते आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही तेही दोन तासांत सांगते. तिच्या पुढच्या आवृत्तीची मर्यादा १६ आहे. ज्या अभ्यासाने जगाला तिची खात्री पटली तो १,७३० रुग्णांवर झाला. त्याची केंद्रं होती लिमा, बाकू, केपटाऊन, दरबान आणि आपली मुंबई. सूक्ष्मदर्शकाने निर्दोष ठरवलेल्या पण खरोखर क्षय असलेल्या १७१ जणांपैकी १२४ जण एकाच तपासणीत सापडले. हे १२४ लोक जुन्या पद्धतीने खोकत घरी गेले असते.

आणि आता गोव्यात, वेर्णाच्या औद्योगिक वसाहतीत, मोलबायो कंपनी ट्रूनॅट बनवते. मूळ संशोधन बंगळुरूच्या बिगटेकचं. बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र, नखाएवढ्या चिपवर पीसीआर, तासाभरात उत्तर. वातानुकूलित खोली नको, अखंड वीज नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये क्षयाच्या निदानासाठी तिची शिफारस केली. प्राथमिक आरोग्य केंद्रात दिवसातून चार वेळा वीज जाते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या बॅटरीची किंमत कळेल.

रेणू वाढवायचीही गरज नसलेली पद्धत एव्हाना आली आहे. संशोधक डेव्हिड डीमर यांना १९८९ मध्ये, त्यांनाही गाडी चालवतानाच, सुचलं की डीएनएचा एकेरी धागा एका सूक्ष्म छिद्रातून ओवला तर प्रत्येक अक्षराला विजेचा प्रवाह वेगळा बदलेल आणि धागा वाचता येईल. १९९८ मध्ये त्याचं पेटंट निघालं. आज वापरात असलेली यंत्रं एका छिद्रातून सेकंदाला चारशेच्या आसपास अक्षरं वाचतात. सुरुवातीच्या प्रयोगांत जे प्रथिन वापरलं त्याच्या छिद्राची सर्वांत अरुंद जागा १.४ नॅनोमीटरची. दाढीच्या पात्याच्या ५० नॅनोमीटरच्या धारेवर अशी पस्तीस छिद्रं आडवी मावतील.

पातं आणि पीसीआर यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती न्यूयॉर्कमध्ये, ११ सप्टेंबर २००१ नंतर. जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यात २,७५३ माणसं गेली आणि मानवी अवशेषांचे सुमारे २१,९०० तुकडे हाती आले. ते कुणाचे हे ठरवायला मृतांचा स्वतःचा डीएनए हवा होता. नातेवाइकांनी आणून दिलेल्या वस्तूंत टूथब्रश होते, कंगवे होते आणि दाढीचे रेझर होते. दाढी करताना पात्यावर त्वचेच्या पेशी राहतात. माणसाच्या एका पेशीत ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो; पिकोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचा हजारावा भाग. ओळख पटवायला १ नॅनोग्रॅम पुरतो, म्हणजे दीडशे पेशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्या दीडशे पेशींतले ठरावीक तुकडे पीसीआरने तीसेक फेऱ्यांत वाढवले गेले आणि अवशेषांशी ताडले गेले. दोन दशकांनंतरही हे काम चालू आहे आणि आतापर्यंत सुमारे साठ टक्के मृतांची ओळख पटली आहे.

पीसीआरचं मूळ पेटंट अमेरिकेत २८ मार्च २००५ ला संपलं. पंधरा वर्षांनी करोना आला तेव्हा या पद्धतीसाठी कुणाची परवानगी मागावी लागली नाही. जिलेटचं पेटंट १९२१ मध्ये संपलं आणि पातं खऱ्या अर्थाने सगळ्यांचं झालं. मुदत संपण्याची सोय हाच या कायद्यातला सर्वांत शहाणा भाग आहे. पण रोगाला वीस वर्षं थांबायला सांगता येत नाही. जीनएक्सपर्टच्या एका कार्ट्रिजची सवलतीची किंमत २०१२ मध्ये १६.८६ डॉलरवरून ९.९८ वर आली आणि तिथून ७.९७ वर यायला ११ वर्षं लागली. ती ५ डॉलरपर्यंत उतरू शकते असं डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संघटना कित्येक वर्षं सांगत आहे. ती उतरवण्यासाठी सरकारांनी आणखी जोर लावलाच पाहिजे.

तोवर आपल्या हातातलं करू. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी मागा. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर थांबू नका. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे, औषधंही मोफत आहेत.